एक पडद्याच्या पुढे, एक मागे: वेगवेगळ्या केबिनमधून सोबत प्रवास करताना

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणाऱ्या बाईंना ऑफिसच्या कामासाठी साधारण दहा तासांचा रात्रीचा विमानप्रवास करायचा आहे. ऑफिसनं त्यांचं बिझनेस क्लासचं तिकीट काढलंय. काम उरकल्यावर आठवडाभर दोघींनी मिळून फिरायचं म्हणून मोठी बहीणही त्याच विमानानं येतेय, स्वतःच्या पैशानं, इकॉनॉमीतून. ताई म्हणाली, "तू बस गं पुढे, माझं काय एवढं!" पण धाकटीला काही ते पटेना. तिनं विचारलंय: मी मागेच जाऊन बसू का? अर्ध्या वाटेत आम्ही जागा बदलल्या तर चालेल का? ताईला मधूनमधून पुढे बोलावता येईल का? आणि पुढचं खाणंपिणं तिला नेऊन दिलं तर कुणी हरकत घेईल का?

मी बरीच वर्षं लांब पल्ल्याच्या विमानांवर केबिन क्रूमध्ये काम केलं आणि पुढे पर्सर म्हणून संपूर्ण केबिन सांभाळली. पडद्याच्या दोन्ही बाजूंना उभं राहून अशी जोडपी, भावंडं, मित्र, सासू-सुना खूप पाहिल्या. त्यावरून सांगते, तुमचे चारही प्रश्न विमानात चढल्यानंतरचे असले तरी मूळ अडचण त्याच्या आधीची आहे. ताई जे म्हणाली ते तिनं मनापासून म्हटलं की तुम्हाला अवघड वाटू नये म्हणून म्हटलं, हे तुम्हाला कळलेलं नाही. ते न कळता तुम्ही विमानात बसलात तर सगळी रात्र पडद्याच्या आतबाहेर करण्यात जाईल. पुढे झोप लागणार नाही, मागे ताईची झोपमोड होईल, आणि दोघींच्या शेजारी बसलेल्या परक्या माणसांना त्याचा त्रास होईल.

म्हणून माझं सगळं म्हणणं एवढ्यात येतं: ज्याच्याकडे चांगली जागा आहे त्यानं निघण्याआधी स्वतःहून विषय काढायचा, काय ते ठरवायचं, आणि ठरलेल्या गोष्टीचा भार विमानात दुसऱ्या कुणावर टाकायचा नाही. खाली जे सांगते ते यातूनच निघतं.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधीच सांगून टाकते. प्रत्येक विमान कंपनीचे नियम वेगळे असतात. एकाच कंपनीत पर्सरला थोडी मोकळीक असते आणि भरलेल्या विमानात ती मोकळीक कमी वापरली जाते. दिवसाचं उड्डाण आणि रात्रीचं उड्डाण यांत फरक आहे. दोन धडधाकट मोठी माणसं, आणि ज्यांच्यासोबत लहान मूल किंवा आजारी व्यक्ती आहे असे प्रवासी, यांत तर फारच फरक आहे. त्याबद्दल पुढे वेगळं लिहिते.

आता ताईशी बोलण्याचं. "मी पुढे बसले तर चालेल ना?" असं विचारू नका. या प्रश्नाला "हो" सोडून दुसरं उत्तर देता येत नाही, विशेषतः थोरल्या बहिणीला. त्याऐवजी तिच्यासमोर खरे पर्याय ठेवा आणि त्यातला कुठलाही तिनं निवडला तर तुम्हाला चालेल अशी स्वतःची तयारी आधी करा. तुमच्या बाबतीत मला तीन पर्याय दिसतात. जाताना तुम्ही पुढे, येताना ताई पुढे, अर्थात कंपनी आणि ऑफिस दोघांनी परवानगी दिली तर. किंवा दोन्ही वेळा तुम्ही पुढे, पण मग तिकडे फिरताना ताईला ज्यात आनंद वाटेल असं काहीतरी तुमच्याकडून. किंवा जाताना वेगवेगळ्या आणि येताना दोघी एकत्र मागे, किंवा थोडे पैसे घालून दोघी प्रीमियम इकॉनॉमीत. बोलताना "मला वाईट वाटतंय" इथून सुरुवात करू नका. तिथून सुरुवात केली की ताईचं सगळं लक्ष तुमची समजूत काढण्यात जातं आणि तिला काय हवंय ते राहूनच जातं.

जाताना तुम्ही पुढे बसावं असं माझं स्पष्ट मत आहे. ऑफिसनं ती जागा दिली त्याला कारण आहे: सकाळी उतरून तुम्हाला कामाला लागायचंय. त्याबद्दल अपराधी वाटून घेण्याचं काही कारण नाही. ताईलाही नेमकं हेच सांगा, साध्या शब्दांत. परतीला मात्र काम नसतं. त्या वेळी कुणाला आडवं पडण्याची जास्त गरज आहे ते बघा. पाठ, गुडघे, उंची, वय, आदल्या आठवड्यातली दगदग या सगळ्याचा विचार करा. आडव्या होणाऱ्या सीटचा खरा उपयोग झोपेसाठी आहे. ज्याला विमानात एरवीही झोप लागत नाही आणि रात्रभर सिनेमे बघायचेत, त्याच्यापेक्षा ज्याची कंबर धरते त्याला ती जास्त उपयोगी पडते.

कधीकधी असं बोलायला वेळच मिळत नाही. दोघं इकॉनॉमीत असतात आणि दारावर, बोर्डिंग चालू असताना, एकालाच अपग्रेड मिळतं, कारण त्याच्याकडे त्या कंपनीचं वरच्या दर्जाचं कार्ड असतं किंवा मागच्या केबिनमध्ये जागा कमी पडते. तिथे निर्णयाला मिनिटभरही नसतो. अशा वेळी आधी काउंटरवरच्या माणसाला विचारा, "आम्ही दोघं आहोत, दोन जागा आहेत का?" नसतील तर ती जागा सोबतीला देता येईल का ते विचारा. तेही जमत नसेल तर सोबतीकडे वळून एकदा विचारा आणि जे पहिलं उत्तर येईल ते खरं धरा. "नक्की ना? नक्की ना?" असं चारदा विचारून समोरच्याला थकवू नका. लग्नानंतरचा पहिला प्रवास असेल, सोबतीला उड्डाणाची भीती वाटत असेल, किंवा एखाद्या दुःखाच्या प्रसंगाला चालला असाल, तर माझ्या मते विचारण्याचीही गरज नाही. आभार मानून नाकारा आणि शेजारी बसा. आणि मागे राहणाऱ्यांनाही सांगते, "जा" म्हणालात तर मग खरंच जाऊ द्या. उतरल्यावर तोंड फिरवून बसायचं असेल तर त्याआधी "मला तू शेजारी हवा आहेस" असं म्हणणं जास्त प्रामाणिक आहे. ते म्हणण्यात काही कमीपणा नाही.

आता बुकिंग. हा भाग लोक विसरतात आणि नंतर पस्तावतात. तुमची दोघींची तिकिटं वेगवेगळी काढली आहेत, म्हणजे दोन पीएनआर आहेत. एकत्र काढलेल्या तिकिटातही एकाचंच अपग्रेड झालं की बरेचदा पीएनआर तोडून दोन करावे लागतात. त्यानंतर संगणकाच्या लेखी तुमचा एकमेकींशी संबंध उरत नाही. विमान रद्द झालं किंवा पुढचं जोडविमान चुकलं तर एकीला रात्रीच्या विमानात आणि दुसरीला दुसऱ्या दिवशीच्या विमानात जागा मिळू शकते. म्हणून कंपनीला फोन करून दोन्ही बुकिंगवर एकमेकींच्या क्रमांकाची नोंद करून घ्या. "या दोघी सोबत प्रवास करताहेत" असा शेरा बुकिंगमध्ये टाकता येतो. त्यानं हमी मिळत नाही, पण पर्यायी विमान शोधणाऱ्या कर्मचाऱ्याला तो शेरा दिसतो आणि तो दोघींचा एकत्र विचार करतो.

सामानही तसंच. पासपोर्ट, बोर्डिंग पास, औषधं, चष्मा, फोनचा चार्जर, उतरल्यावर लागणारा पत्ता, सगळं ज्याचं त्याच्याजवळ. एकीच्या पर्समध्ये दोघींचे पासपोर्ट असणं घरून निघताना सोयीचं वाटतं, पण एक पुढून उतरते, एक मागून, आणि मध्ये शेकडो माणसं. पॉवर बँकही आपापली बाळगा आणि हाताशी ठेवा. पॉवर बँक आणि सुट्या लिथियम बॅटऱ्या चेक-इनच्या सामानात चालत नाहीत याचं कारण हेच की त्या तापल्या किंवा पेटल्या तर केबिनमध्ये लगेच दिसतात आणि विझवता येतात. आपली पॉवर बँक दुसऱ्या केबिनमधल्या बॅगेत पडून असेल तर तिच्यावर कुणाचंच लक्ष नसतं.

लाउंजचा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण तो येणारच. बिझनेसच्या तिकिटावर मिळणारा प्रवेश बहुतेक ठिकाणी त्या एका प्रवाशापुरता असतो. पाहुणा नेण्याची सवलत सहसा वरच्या दर्जाच्या कार्डावर मिळते. उदाहरणार्थ, स्टार अलायन्स या विमान कंपन्यांच्या गटाच्या गोल्ड कार्डावर एक पाहुणा नेता येतो, बिझनेसच्या नुसत्या तिकिटावर नाही. हे आधी तपासा. दारापर्यंत ताईला घेऊन जायचं आणि तिथे तिला परत पाठवायचं, असं होऊ देऊ नका. दोघींना आत जाता येत नसेल तर बाहेर एकत्र बसा. निघण्यापूर्वीचे ते दोन तास शेजारी बसण्याचे शेवटचे तास असतात.

आता पडदा. बऱ्याच प्रवाशांना वाटतं की पडदा लावून आम्ही मागच्यांना कमी लेखतो. मी तिथे उभी राहून काम केलंय, म्हणून त्यामागचं काम सांगते. पुढच्या केबिनमध्ये जेवण वेगळ्या वेळी आणि वेगळ्या क्रमानं दिलं जातं, दिवे वेगळ्या वेळी मंद होतात, तिथे लोक जास्त वेळ झोपतात. ट्रॉल्यांचा आवाज, गॅलीतला म्हणजे विमानातल्या स्वयंपाकघरातला उजेड, येजा, हे सगळं पडद्यानं अडतं. उड्डाणाच्या आणि उतरण्याच्या वेळी पडदे उघडून बांधलेले असतात, कारण त्या वेळी क्रूला केबिन आणि दरवाजे थेट दिसले पाहिजेत. शिवाय आमच्याकडे प्रत्येक केबिनची यादी असते: कुठल्या सीटवर कोण, कुणाचं जेवण वेगळं, कुणाला मदत लागणार. अनोळखी चेहरा पुढे फिरताना दिसला की आम्हाला विचारावंच लागतं. २००१च्या हल्ल्यांनंतर कॉकपिटची दारं मजबूत झाली आणि पुढच्या भागात घोळका होऊ न देण्याबद्दल क्रू फार काटेकोर झाला. वैमानिक स्वच्छतागृहासाठी बाहेर येतात तेव्हा तर तो भाग आम्ही अडवूनच धरतो. आपापल्या केबिनमधलंच स्वच्छतागृह वापरा, ही सूचना याच सगळ्याचा भाग आहे.

यातून साधा रिवाज निघतो: भेटायचं असेल तर पुढचा माणूस मागे जातो. मागच्यानं पुढे यायचं नसतं. पुढून मागे जाणाऱ्याला क्रू सहसा अडवत नाही. मागून पुढे येणाऱ्याला अडवतात, आणि ते चारचौघांत होतं. तुम्ही ताईला "ये ना मधून" म्हणालात आणि पडद्यापाशी माझ्यासारख्या कुणी तिला नम्रपणे का होईना, परत पाठवलं, तर तो अपमान ताईला सोसावा लागेल. तिला त्या जागी नेऊन उभं करू नका. काही फारच गरज असेल तर तुमच्या बाजूच्या क्रूला सांगा, ते तिला निरोप देतील. असे निरोप आम्ही आनंदानं पोचवतो. कागदाच्या कपट्यावर सीट नंबर आणि दोन ओळी लिहून दिल्या तरी पुरे. काही विमानांत सीटसमोरच्या टीव्हीवरून एका सीटवरून दुसऱ्या सीटला संदेश पाठवायची सोय असते, काहींत वायफायवरून संदेश जातात. पण त्यावर विसंबून राहू नका.

मागे कधी जायचं, हेही महत्त्वाचं. सीटबेल्टचं चिन्ह बंद असताना, आणि जेवणाच्या ट्रॉल्या वाटेतून गेल्यानंतर. ट्रॉली वाटेत असेल तर मागे जाताही येत नाही आणि पुढे परतताही येत नाही. तुम्ही मध्ये अडकता आणि वाढण्याचं काम थांबतं. रात्रीच्या उड्डाणात सगळ्यात चांगली वेळ म्हणजे मागचं जेवण आवरून दिवे मंद होण्याआधीचा थोडा वेळ, आणि नंतर सकाळी दिवे लागल्यावर. ताई झोपली असेल तर परत फिरा. तिला उठवून "कशी आहेस?" विचारण्यात काही प्रेम नाही. ताई मधल्या सीटवर असेल तर कडेला बसलेल्या माणसाच्या डोक्यावरून बोलू नका. त्याच्या हातावर, खांद्यावर तुमचं वजन येतं, त्याच्या टीव्हीसमोर तुमची सावली पडते, आणि तो सभ्यपणामुळे काही बोलत नाही. हत्त्यावर बसणं तर नकोच. ताई जागी असेल तर तिलाच सीटवरून उठायला सांगून दोघी मागच्या दरवाज्यापाशी किंवा गॅलीजवळ जा, तिथल्या क्रूला "पाच-दहा मिनिटं उभ्या राहू का?" म्हणून विचारा. काम चालू नसेल तर बहुधा हो म्हणतील.

या चालण्याचा आणखी एक फायदा आहे. जागतिक आरोग्य संघटनेनं २००७मध्ये एका संशोधनाचे निष्कर्ष प्रसिद्ध केले होते. चार तासांपेक्षा जास्त प्रवासात पायाच्या शिरांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका साधारण दुप्पट होतो, आणि त्याचं कारण बराच वेळ हालचाल न करता बसून राहणं हे आहे. निरोगी माणसासाठी मूळ धोका अगदी कमी आहे, त्यामुळे घाबरायचं कारण नाही. पण इकॉनॉमीत मधल्या सीटवर बसलेली माणसं शेजाऱ्याला उठवायच्या संकोचानं तासन्‌तास हलत नाहीत, हे मी रोज पाहिलंय. तुम्ही एकदा जाऊन ताईला उठवून चार पावलं चालवलंत तर त्या भेटीचा तिला खरा उपयोग होईल. मात्र दहा तासांत दोन, फार तर तीन फेऱ्या. दर अर्ध्या तासाला जाणारा माणूस मी पाहिलाय. त्याच्या बायकोनं शेवटी मलाच हळूच विचारलं, "यांना सांगता का, मला झोपू दे म्हणून?"

खाण्यापिण्याचं आता पटकन सांगते. चॉकलेटचा तुकडा, बिस्किटं, न वापरलेलं मोज्यांचं किंवा टूथब्रशचं पाकीट, हे तुमच्या वाट्याचं असेल आणि तुम्ही हातातून नेलंत तर बहुतेक कंपन्यांत कुणी काही म्हणणार नाही. गरम जेवण नेऊ नका. पुढच्या केबिनमध्ये जेवण मोजून चढवलेलं असतं, काचेची आणि चिनी मातीची भांडी असतात, आणि अंधाऱ्या वाटेतून गरम ताट नेताना विमान हललं तर ते कुणाच्या तरी अंगावर सांडतं. पांघरूण-उशीही नेऊ नका. ताईला थंडी वाजत असेल तर मागच्या क्रूकडून जास्तीचं पांघरूण मागा. मद्य तर अजिबात नको. अमेरिकेच्या नियमांनुसार विमानात प्रवाशानं क्रूनं दिलेलंच मद्य प्यायचं असतं, आणि दुसरीकडेही बहुतेक कंपन्या हेच धोरण पाळतात. कुणी किती घेतलं यावर आमचं लक्ष असतं. पुढून लपवून आलेला ग्लास त्या हिशेबात येत नाही आणि मागच्या सहकाऱ्याला अडचणीत आणतो. हे सगळं करण्यामागे प्रेमच असतं, ते मला कळतं. पण ताईला मिळालेलं जेवण तिचं तिनं निवांत जेवावं आणि तुम्ही तुमचं. चोरून आणलेल्या ताटाकडे शेजारचे दोघं बघत असताना जेवण गोड लागत नाही.

जागा बदलण्याबद्दल. तिकीट एकाच्या नावावरून दुसऱ्याच्या नावावर होत नाही, फक्त बसण्याची जागा बदलू शकते, आणि तीही पर्सरच्या परवानगीनं. काही कंपन्या म्हणतात की वरच्या वर्गाची जागा ज्याच्या नावावर आहे त्यानंच वापरावी, बदल चालणार नाही. काही कंपन्यांत एकदा, पूर्ण प्रवासासाठी, अदलाबदल करू देतात. अर्ध्या वाटेत बदलायला मात्र बहुतेक पर्सर नाखूश असतात, मीही असायचे. कारणं सांगते. जेवणाची गणना बिघडते, कारण पुढच्या सीटवर एकाऐवजी दोघांना वाढावं लागतं. वापरलेली गादी-उशी दुसऱ्या माणसासाठी बदलावी लागते आणि तेवढ्या जादा चादरी नसतात. एकाचं जेवण वेगळं असेल, कुणाला एखाद्या पदार्थाची ॲलर्जी असेल, कुणाला रात्री त्रास होऊन डॉक्टर शोधावा लागला, तर आम्ही यादी बघून सीटवर धावतो आणि तिथे भलतंच माणूस असतं. लहान विमानांत तर उड्डाणापूर्वी जागा बदलण्यानं वजनाचा समतोल बदलतो, म्हणून तिथे न विचारता हलायचंच नाही.

तेव्हा परतीला ताईला पुढे बसवायचं असेल तर आधी ऑफिसला विचारा, मग कंपनीला फोन करा. दोघांनी हो म्हटलं तरी ज्याच्या त्याच्या नावाच्या बोर्डिंग पासवरच आत जा, आणि विमानाचे दरवाजे बंद होण्याआधी पर्सरला शांतपणे सांगा: "आम्हा बहिणींना जागा बदलायच्यात, शेवटपर्यंत तशाच राहू. जेवणाची दोघींची नोंद बदलून घ्याल का?" असं कुणी आधी येऊन सांगितलं की मला नेहमी बरं वाटायचं आणि नियमात बसत असेल तर मी हो म्हणायचे. नाही म्हटलं तर मात्र वाद घालू नका.

एक सूचना याला जोडून. एकत्र बसायचं म्हणून तिसऱ्या माणसाला हलवायचं असेल तर त्याला त्याच्या जागेइतकी किंवा त्याहून चांगली जागाच देऊ करा. तुम्ही पुढची सीट सोडून मागे येत असाल आणि ताईच्या शेजाऱ्याला पुढे पाठवायचं मनात असेल, तर तोही वर्गबदल आहे, आधी क्रूला विचारा. कडेची जागा पैसे भरून घेतलेल्या माणसाला मधल्या जागेवर जा म्हणणं बरं नव्हे. आणि तो नाही म्हणाला तर त्याला कारण विचारू नका.

आता लहान मुलं आणि आजारी माणसं. इथे मी मवाळ नाही. आई-बाबा पुढे आणि मुलं मागे, असं करू नका. बऱ्याच कंपन्या लहान मुलाच्या केबिनमध्ये त्याच्यासोबतचं मोठं माणूस असलंच पाहिजे म्हणतात. ब्रिटनच्या नागरी विमान प्राधिकरणाचं मार्गदर्शन असं आहे की लहान मूल शक्यतो मोठ्या माणसाच्याच रांगेत असावं, आणि ते जमत नसेल तर एका रांगेपेक्षा जास्त अंतर नसावं. केबिनमधला हवेचा दाब गेला आणि ऑक्सिजनचे मुखवटे खाली आले, तर पस्तीस हजार फुटांवर भान टिकायला अर्ध्या ते एका मिनिटाचा वेळ असतो. म्हणून तर आधी स्वतःचा मुखवटा लावा आणि मग शेजारच्याचा, असं आम्ही प्रत्येक वेळी सांगतो. तो "शेजारचा" शेजारीच असला पाहिजे. दोन पालकांपैकी एकाला पुढची जागा असेल तर दुसऱ्याला मुलांसोबत एकटं सोडून दहा तास झोपणं हे मी बऱ्याचदा पाहिलंय, आणि उतरताना त्या दुसऱ्याचा चेहराही पाहिलाय. तिथे आळीपाळीनं बसायला परवानगी नसेल तर पुढचं तिकीट घेऊच नका. ज्याला विसरण्याचा आजार आहे, ज्याला उठायला-बसायला हात लागतो, ज्याला भाषा कळत नाही, अशा माणसाबद्दलही हेच. क्रू मदत करतो, मनापासून करतो, पण पन्नास सीटमागे एक क्रू एवढीच किमान संख्या नियमात असते. तुमच्या वडिलांजवळ बसून राहायला कुणी मोकळं नसतं.

आणि ही गोष्ट मी वेगळ्या केबिनमध्ये बसणाऱ्या प्रत्येकाला सांगते. प्रवासी विमानाला मान्यता मिळताना निम्मे दरवाजे बंद धरून सगळ्यांना ९० सेकंदांत बाहेर काढता येतं, हे दाखवावं लागतं. हा वेळ लोक जवळच्या दाराकडे एकाच दिशेनं गेले तरच पाळता येतो. आपलं माणूस शोधायला कुणी प्रवाहाच्या उलट निघालं की वाट अडते, आणि त्यात सगळ्यांचे सेकंद जातात. म्हणून ताईशी आधीच बोलून ठेवा: काहीही झालं तरी तू तुझ्या जवळच्या दारानं बाहेर पड, मी माझ्या, आत कुणी कुणाला शोधायचं नाही, बाहेर विमानापासून लांब गेल्यावर भेटायचं. हे बोलताना अवघड वाटतं, पण दोन वाक्यांचंच काम आहे. दोघींनी आपापल्या सीटपासून दारापर्यंतच्या रांगाही मोजून ठेवा. विमान हलायला लागलं, सीटबेल्टचं चिन्ह लागलं, तर तेव्हाही तेच. तुम्ही तिच्याजवळ उभ्या असाल तर क्रू सांगेल तिथे लगेच बसा. ताई घाबरट असेल तर तिच्या बाजूच्या क्रूला सुरुवातीलाच सांगून ठेवा, आम्ही येता-जाता लक्ष ठेवतो.

उतरल्यावर तुम्ही आधी बाहेर पडाल. विमानाच्या दारात किंवा एरोब्रिजमध्ये थांबू नका, तिथे मागच्या सगळ्यांची वाट अडते आणि कर्मचारी पुढे जायला सांगतात. एरोब्रिज संपून इमारतीत शिरल्यावर जिथे पहिली मोकळी जागा असेल तिथे बाजूला उभ्या राहा. इमिग्रेशनच्या रांगेत पुढे निघून जाऊ नका. बिझनेसवाल्यांना वेगळी जलद रांग असेल तरीही ताईसोबत नेहमीच्या रांगेत लागा. ती भेटली की आधी तिची रात्र कशी गेली ते विचारा. तुमची सीट कशी पूर्ण आडवी होत होती, ते तिनं विचारलं तर सांगा, आणि विचारलं तर खरं सांगा. "काही विशेष नव्हतं गं" असं खोटं बोललात तर तिला ते कळेल.

विमान मोठं असेल तर शेवटच्या रांगेतल्या माणसाला बाहेर यायला वीस-पंचवीस मिनिटंही लागू शकतात. कधी दोन दरवाजे वापरतात आणि मागच्यांना जिन्यानं उतरवून बसनं आणतात, मग तुम्ही जिथे थांबलात तिथे ताई येणारच नाही. नव्या देशात उतरल्या उतरल्या फोन लागेलच असंही नाही. म्हणून दुसरी जागाही निघण्यापूर्वीच ठरवून ठेवा: एरोब्रिजच्या टोकाला नाही भेटलो तर इमिग्रेशनच्या रांगेच्या तोंडाशी, आणि तिथे जी आधी पोचेल ती हलणार नाही.